शाळांच्या इमारतींसाठी कर्ज आणि आपले मत

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रे आली. अमेरिकेत निवडणुकीची मतपत्रिका हाती येते, तेव्हा अध्यक्ष, गव्हर्नर, काँग्रेस अशा मोठ्या लढतींच्या खाली, बहुधा शेवटच्या पानावर, आपल्या भागातल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, शाळांच्या इमारतींसाठी कर्जरोखे काढू द्यावेत का, असा एक प्रश्न असतो. वरच्या नावांवर घरोघरी वाद झडतात आणि हा प्रश्न मात्र अनेक जण कोराच सोडून देतात. घरावर पंचवीस-तीस वर्षे बसणारा कर आणि मुलांच्या डोक्यावरचे छप्पर या दोन्हींचा निर्णय तिथे होत असल्याने, या वेळी सदराची सगळी जागा आम्ही याच पत्रांना दिली आहे. पत्रे मुख्यतः कॅलिफोर्नियातली असल्याने भर तिथल्या कायद्यावर आहे.

प्रश्न : मी नुकतीच अमेरिकेची नागरिक झाले आणि पहिल्यांदाच मतदान करणार आहे. आमच्याकडच्या शिक्षकांचे पगार घरभाड्याच्या मानाने फारच कमी आहेत, म्हणून मी शाळेच्या बाँडला, म्हणजे या कर्जरोख्यांना, 'होय' म्हणायचे ठरवले होते. माझे यजमान म्हणतात की हा पैसा शिक्षकांपर्यंत जातच नाही. खरे काय आहे?
— एक वाचिका, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २००० मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ३९ (राज्यभराच्या मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केले आणि त्याद्वारे राज्यघटनेतच लिहिले गेले की, ५५ टक्के मतांनी मंजूर होणाऱ्या शालेय कर्जाचा पैसा शाळांचे बांधकाम, दुरुस्ती, सामानसुमान किंवा जागा यांवरच खर्च व्हावा. शिक्षकांचे अथवा प्रशासकांचे पगार आणि शाळेचा रोजचा खर्च त्यातून करता येणार नाही. त्यामुळे गळणारे छप्पर, जुनाट वायरिंग, उन्हाळ्यात तापणारे तात्पुरते 'पोर्टेबल' वर्ग, विज्ञानाच्या प्रयोगशाळा, शिशाची जोडणी असलेल्या जुन्या पाण्याच्या नळ्या ही कामे या पैशातून होतात. आपल्या फ्रीमाँटचेच उदाहरण घ्यायचे तर २०१४ साली तिथे मेझर ई या नावाने ६५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले आणि सहावीच्या मुलांना सामावून घेण्यासाठी तिथल्या ज्युनिअर हायस्कुलांचे मिडल स्कुलांत रूपांतर करण्याचे मोठे काम त्या पैशातून झाले.

पगारांसाठी मत द्यायचे असेल तर ज्याला 'पार्सल टॅक्स' म्हणतात तो प्रस्ताव वेगळा असतो. तो घराच्या किमतीवर न बसता दर मालमत्तेमागे ठरावीक रकमेचा असतो, सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश मते मिळाल्याखेरीज मंजूर होत नाही आणि शिक्षकांच्या वेतनासाठी वापरता येतो. कधी कधी हे दोन्ही प्रस्ताव एकाच निवडणुकीत येतात आणि त्यांची नावे इंग्रजीच्या एकेका अक्षरावर असल्याने हमखास घोटाळा होतो. म्हणून अक्षर न पाहता मजकूर वाचावा.

तरीही शिक्षकांचा आणि या कर्जाचा काहीच संबंध नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बॉयलर बंद पडला आणि कर्जाचा पैसा हाताशी नसला, तर तो दुरुस्त करायला डिस्ट्रिक्ट त्याच निधीत हात घालते ज्यातून पगार दिले जातात. इमारतीचा खर्च इमारतीच्या पैशातून भागला तर वर्गातला पैसा वर्गात राहतो, आणि हे कारण 'होय' म्हणण्यासाठी पुरेसे वाटत असेल तर ते अगदी सयुक्तिक आहे.

आणखी एक गोष्ट, कारण आपण पहिल्यांदाच मत देत आहात. हे ५५ टक्के त्या प्रश्नावर प्रत्यक्ष पडलेल्या मतांचे मोजतात. कोरा सोडलेला चौकोन विरोधात धरला जात नाही आणि बाजूनेही नाही. आपला निर्णय शेजारच्यांनी घेतला, एवढाच त्याचा परिणाम.

प्रश्न : आम्ही राज्याला भरमसाट आयकर देतो आणि घराचा करही भरतो. मग शाळेचे छप्पर दुरुस्त करायला वेगळे कर्ज कशाला? सरकारने ते करायला नको का?
— एक वाचक, सॅन होझे, कॅलिफोर्निया

उत्तर : याचे मूळ १९७८ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. त्यानुसार मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचे नाही, असे ठरले. घराच्या वाढत्या करामुळे हवालदिल झालेल्या वृद्धांना त्याने मोठा दिलासा मिळाला, हे खरेच आहे. परंतु स्थानिक शाळांना इमारतींसाठी पैसा उभा करण्याची वाट त्याच कायद्याने काही वर्षे बंद पडली. १९८६ मध्ये दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर ती पुन्हा खुली झाली आणि २००० साली ही अट ५५ टक्क्यांवर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये ती साध्या बहुमतावर आणण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला होता. म्हणजे आजचा ५५ हा आकडा लोकांनी स्वतःच गाठलेली तडजोड आहे.

राज्य मदत करते, पण सगळा भार उचलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या मतदारांनी प्रपोझिशन २ मंजूर केले. त्यातल्या १,००० कोटी डॉलरपैकी ८५० कोटी शाळांसाठी आणि १५० कोटी कम्युनिटी कॉलेजांसाठी आहेत. परंतु हा पैसा नव्या बांधकामाला साधारण निम्मा आणि नूतनीकरणाला साधारण ६० टक्के या हिशेबाने मिळतो, गरीब डिस्ट्रिक्टना थोडा अधिक. उरलेला वाटा स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. ज्या डिस्ट्रिक्टच्या मतदारांनी आपला वाटा मंजूर केलेला नाही, तिला राज्याच्या पैशासाठी अर्ज करणेही अवघड जाते आणि तो पैसा दुसऱ्या गावात जातो. आमच्या मते या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय इथेच आहे. ज्या भागात घरे महाग आणि कार्यालये मोठी, तिथे थोड्या करदरात मोठी रक्कम उभी राहते; शेतमजुरांच्या गावात मात्र तोच दर लावून एक इमारतही धड उभी राहत नाही. शिवाय युनिफाइड डिस्ट्रिक्टला, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सर्व शाळा एकत्र चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टला, तिच्या भागातल्या मालमत्तांच्या एकूण करपात्र मूल्याच्या अडीच टक्क्यांपलीकडे कर्ज काढता येत नाही, त्यामुळे गरज जिथे अधिक तिथेच कर्जाची मर्यादा आधी येते.

प्रश्न : आमची दोन्ही मुले शिकून बाहेर पडली. मी आणि माझी पत्नी निवृत्तिवेतनावर राहतो. आमच्या भागातल्या शाळांत मुलांची संख्या कमी होत असताना नव्या कर्जाचा भार आम्ही का सोसावा? ज्येष्ठांना सूट मिळते का? आणि फेडीची रक्कम कर्जाच्या जवळजवळ दुप्पट असते म्हणतात, ते खरे का?
— एक ज्येष्ठ वाचक, कुपर्टिनो, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही रास्त आहेत.

सवलतीचे आधी सांगतो, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. पार्सल टॅक्समध्ये ६५ वर्षांवरील घरमालकांना अनेकदा सूट ठेवलेली असते, ती अर्ज करून मिळते. कर्जरोख्यांच्या करात अशी सूट नाही. तो करपात्र मूल्यावर सर्वांना सारखा लागतो. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांसाठी मालमत्ता कर पुढे ढकलण्याची राज्याची एक योजना आहे आणि ती राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाकडून चालवली जाते, पण त्यात कर माफ होत नाही, तो घरावरचा बोजा म्हणून साचत राहतो.

मात्र आपण ज्या भीतीने हे पत्र लिहिले आहे, ती आपल्या बाबतीत कदाचित कमी होईल. प्रपोझिशन ३९ नुसार युनिफाइड डिस्ट्रिक्टच्या एका प्रस्तावातला अंदाजे कर दर लाख डॉलर करपात्र मूल्यामागे वर्षाला ६० डॉलरपेक्षा जास्त धरता येत नाही. फक्त प्राथमिक किंवा फक्त हायस्कुलांच्या डिस्ट्रिक्टसाठी ही मर्यादा ३० डॉलर आहे. कुपर्टिनोत प्राथमिक आणि हायस्कूल अशा दोन निरनिराळ्या डिस्ट्रिक्ट असल्याने दोन्हींची बिले वेगळी येतात. इथे घराच्या बाजारभावाचा काही संबंध नाही. एकाच गल्लीत, एकसारख्याच घरांपैकी एकाचे करपात्र मूल्य जुन्या खरेदीमुळे चार लाख आहे आणि दुसरे नुकतेच सोळा लाखांना घेतले आहे, असे समजा. दर ३० डॉलर असेल तर पहिल्याला वर्षाला १२० डॉलर पडतील आणि दुसऱ्याला ४८०. तीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या निवृत्त दांपत्यापेक्षा शेजारच्या तरुण कुटुंबावर चौपट भार पडतो. आपल्या करबिलावरचा 'असेस्ड व्हॅल्यू' हा आकडा काढून हा गुणाकार एकदा करून पाहावा, म्हणजे चर्चा अंदाजांवरून रकमेवर येईल.

मुलांची संख्या कमी होत असल्याचे आपले म्हणणेही खरे आहे. कुपर्टिनोच्या प्राथमिक डिस्ट्रिक्टमधल्या रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या शाळा २०२२ मध्ये शालेय वर्ष संपताना बंद करण्यात आल्या, हे आपण जवळून पाहिलेच असेल. अशा ठिकाणी नवे वर्ग बांधण्याचा प्रस्ताव आला तर त्याला कठोर प्रश्न विचारायलाच हवेत. परंतु मुले कमी झाली म्हणून उरलेल्या इमारतीचे वय कमी होत नाही. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास लाँग बीचला भूकंप झाला, तेव्हा सुमारे ७० शाळा कोसळल्या आणि आणखी सव्वाशेच्या आसपास शाळांचे मोठे नुकसान झाले. मुले घरी गेलेली होती म्हणून वाचली. त्यानंतर महिन्याभरात राज्याने फील्ड कायदा केला आणि तेव्हापासून शाळेच्या इमारतीचा आराखडा राज्याच्या स्थापत्य विभागाकडून तपासून घ्यावा लागतो, बांधकामावर निरीक्षकही असतो. या नियमांमुळे शाळा बांधणे साध्या इमारतीपेक्षा महाग पडते. किल्लारीच्या भूकंपाची आठवण ज्यांना आहे, त्यांना हा जास्तीचा खर्च अनाठायी वाटणार नाही.

आता दुपटीचे. तीस वर्षांच्या कर्जात व्याज धरून फेड मुद्दलाच्या दुपटीजवळ जाणे अशक्य नाही; घरकर्ज फेडलेल्यांना हा हिशेब नवा नाही. खरी काळजी कर्जाच्या प्रकाराची करायला हवी. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइड डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये सुमारे साडेदहा कोटी डॉलर उभे केले आणि त्याची एकूण फेड जवळजवळ ९८ कोटी डॉलरवर जाते, कारण पहिली वीस वर्षे काहीच फेडायचे नाही आणि व्याजावर व्याज चढत राहायचे, असे ते रोखे होते. असे का केले? तर करदर वाढणार नाही, असे आश्वासन २००८ च्या मतदानाच्या वेळी दिले गेले होते आणि मंदीत घरांची करपात्र मूल्ये हवी तशी वाढली नाहीत. आश्वासन अक्षरशः पाळले गेले आणि भार त्या वेळी जी मुले बालवाडीत होती त्यांच्या माथी गेला. राज्यभर ओरड झाल्यावर २०१३ मध्ये कायदा बदलला; आता अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांपलीकडे नेता येत नाही आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त होऊ देता येत नाही. चौपटदेखील फार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून प्रचारपत्रकावर 'करदर वाढणार नाही' असे ठळक छापलेले दिसले, तर तिथे थांबून विचार करावा. जुने कर्ज फिटत आले असते तेव्हा त्याचा कर खरे तर उतरायचा असतो. नवे कर्ज त्या जागी आले की दर तोच राहतो, पण तो आणखी पंचवीस-तीस वर्षे राहतो. हे वाक्य खोटे नसते, पण पूर्णही नसते. खरी माहिती मतदार पुस्तिकेतल्या 'टॅक्स रेट स्टेटमेंट' या पानावर असते. दराचा अंदाज, तो कोणत्या वर्षापर्यंत चालेल आणि मुद्दल-व्याज मिळून अंदाजे किती फेड होईल, हे सर्व तिथे द्यावेच लागते. ६० किंवा ३० डॉलरची मर्यादा अंदाजावर असते आणि प्रत्येक प्रस्तावाला स्वतंत्र असते, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या प्रस्तावांचे कर बिलात वेगळ्या ओळींवर चालूच राहतात.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे शाळेची इमारत बांधायला गावाचे मत घेतात, हे ऐकून नवल वाटले. आपल्याकडे असे का होत नाही?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्याकडे शाळेच्या खोल्यांचा पैसा समग्र शिक्षा अभियान, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी अशा वाटांनी वरून खाली येतो. लोकांचा करही त्यात असतोच. पुणे किंवा मुंबईच्या मिळकतकर बिलावर शिक्षण कर ही वेगळी ओळ असते आणि त्यामागचा राज्याचा कायदा १९६२ चा आहे. कर्जरोखेही आपल्याला अनोळखी नाहीत: २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले गेले. त्याला सर्वसाधारण सभेची आणि शासनाची मान्यता लागली, नागरिकांचे मतदान लागले नाही. तिकडे कर्ज नेमके ज्याच्या घरावर बसणार त्याचीच संमती घ्यायची, ही रीत आहे. तिचा तोटा वर सांगितलाच आहे. श्रीमंत गावाची शाळा चकचकीत होते आणि गरीब गावाची तशीच राहते. वरून येणाऱ्या पैशात निदान तत्त्वतः तरी ही विषमता भरून काढण्याची सोय असते.

प्रश्न : आमच्या मतपत्रिकेवर 'ही मालमत्ता करातील वाढ आहे' असे मोठ्या अक्षरांत छापले होते, आणि डिस्ट्रिक्टचे अधिकारी मात्र सभेत सांगत होते की करदर वाढणार नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?
— एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास

उत्तर : ते वाक्य आपल्या डिस्ट्रिक्टने लिहिलेले नाही. २०१९ च्या कायद्याने टेक्सासमधील शालेय कर्जाच्या प्रत्येक प्रस्तावावर ते छापणे सक्तीचे केले आहे, मग दर वाढो, तसाच राहो किंवा उतरो. त्यामुळे त्या वाक्यावरून आपल्या बिलाविषयी काहीच कळत नाही. मतदाराला सावध करण्याचा हेतू चांगला असेल, पण सर्वच प्रस्तावांवर एकच इशारा छापला की चांगला आणि वाईट प्रस्ताव यांतला फरक पुसला जातो, असे आम्हांला वाटते.

टेक्सासमध्ये साधे बहुमत पुरते. शाळेच्या कराचे दोन भाग असतात: एक रोजच्या खर्चाचा आणि दुसरा कर्जफेडीचा. पहिल्या भागातला काही पैसा सधन डिस्ट्रिक्टकडून राज्य काढून घेते, ज्याला लोक 'रॉबिन हुड' म्हणतात. कर्जफेडीच्या भागाला ती कात्री लागत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत टेक्सास कॅलिफोर्नियापेक्षा उदार आहे. ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर राहत्या घराचा शालेय कर त्या रकमेवर गोठवता येतो, त्यामुळे नवे कर्ज मंजूर झाले तरी त्यांचे बिल वाढत नाही. आपले आई-वडील आपल्याकडे राहत असतील, तर हा लाभ घर ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतो, हे ध्यानात असू द्यावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रिस्कोच्या मतदारांनी ९८ कोटी ६० लाख डॉलरच्या मुख्य कर्जासह डिस्ट्रिक्टचे चारही प्रस्ताव नाकारले. टेक्सासमधल्या मतदाराच्या मनात स्टेडियमांचा विषय सतत असतो, आणि त्याला कारणही आहे. शेजारच्या ॲलनमध्ये २००९ साली मंजूर झालेल्या ११ कोटी ९० लाख डॉलरच्या कर्जातून सुमारे ६ कोटी डॉलरचे, १८,००० आसनांचे फुटबॉल स्टेडियम बांधले गेले. ते २०१२ मध्ये सुरू झाले आणि काँक्रीटला तडे गेल्याने २०१४ मध्ये बंद ठेवावे लागले. आता एक हजारांपेक्षा जास्त आसनांचे स्टेडियम असेल तर त्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर वेगळा मांडावा लागतो, वर्गखोल्यांच्या आड तो लपवता येत नाही. ही सुधारणा इतर राज्यांनीही उचलण्यासारखी आहे. तेव्हा 'सगळेच नको' असे म्हणण्याऐवजी प्रत्येक प्रस्ताव वेगळा वाचावा. तशी सोय कायद्याने मुद्दाम करून दिली आहे.

प्रश्न : मी एच-१बी व्हिसावर आहे. घर घेतले आहे, कर भरतो, मुलगी दुसरीत आहे. मत देता येत नाही, तर या सगळ्यात मी काय करू शकतो?
— एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

उत्तर : कर भरूनही मत नाही, ही सल आम्ही समजू शकतो आणि ती खरी आहे. पण मतदानाचा दिवस हा या कामातला एकच दिवस असतो, आणि पुढची आठ-दहा वर्षे पैसा खर्च होत असतो, तेव्हा तिथे बघायला फारसे कोणी नसते.

प्रपोझिशन ३९ खाली मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जावर नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. तिच्यात निदान सात सदस्य असतात; त्यांत ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतील, करदात्यांच्या संघटनेतील आणि स्थानिक व्यवसायांतील प्रत्येकी एक जण असावा लागतो, आणि ज्यांची मुले त्या शाळांत शिकतात असे पालकही. डिस्ट्रिक्टचा कर्मचारी किंवा कंत्राटदार सदस्य होऊ शकत नाही. या समित्यांच्या जागा अनेकदा भरतच नाहीत, कारण अर्जच येत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून, नेमणुकीने भरल्या जाणाऱ्या अशा सार्वजनिक पदांसाठी नागरिकत्वाची अट काढून टाकली. आपण राज्याचे रहिवासी आहात आणि आपली मुलगी तिथे शिकते. तेव्हा पालकाच्या जागेसाठी अर्ज करायला कचरू नये. स्थापत्य, हिशेबतपासणी, कंत्राटे यांपैकी कशाचे ज्ञान असेल तर ते अर्जात जरूर लिहावे. मानधन मिळत नाही, बैठका साधारण तीन महिन्यांतून एकदा संध्याकाळी असतात.

सदस्य व्हायला वेळ नसेल, तरी बैठका खुल्या असतात आणि तीन मिनिटे किंवा जो काही वेळ ठरला असेल तेवढे बोलायला कोणालाही मिळते. तिथे नागरिकत्व विचारत नाहीत. बैठकीचे इतिवृत्त, वार्षिक अहवाल आणि दोन्ही लेखापरीक्षणे संकेतस्थळावर ठेवावी लागतात. दोन्ही म्हणतो कारण एक परीक्षण हिशेबाचे असते आणि दुसरे, मतदारांना दाखवलेल्या यादीतल्याच कामांवर पैसा गेला का, याचे. हे दुसरे आधी उघडावे. त्याच्या शेजारी मतदानाच्या वेळची कामांची यादी ठेवावी आणि मुलीच्या शाळेचे नाव दोन्हींत शोधावे. यादीत 'नवी छपरे' असेल आणि अहवालात तीन वर्षांनंतरही त्या शाळेपुढे शून्य असेल, तर पुढच्या बैठकीत नेमके तेवढेच विचारावे: काम कधी निविदेला निघणार, आणि तोवर तो पैसा कुठे आहे. लेखी उत्तर मागावे, आणि ते पुढच्या इतिवृत्तात आले आहे का ते पाहावे.